भूक काबूत, वजन का नाही?

मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कलिंगड, भजी, समोसे आणि सरबताचे ग्लास मांडून झालेले असतात. पहाटेच्या सहरीपासून, म्हणजे जवळपास तेरा तास, पाण्याचा घोटही न घेतलेली माणसे त्यासमोर शांत बसतात. कोणी पहारा देत नाही, तरी कोणाचा हात पुढे जात नाही. आत्मसंयम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आणि तरीही याच माणसांपैकी कित्येकांना ईदच्या सकाळी गेल्या वर्षीचा कुर्ता पोटावर ताणून बसवावा लागतो.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण शेजारच्या घरातली असली तरी इफ्तारलाही लागू पडते, हे रोजेदारही हसत कबूल करतात. पण म्हणीने हिशेब पुरा होत नाही. रोज्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिसते ते असे की, महिनाभरात वजन सरासरीने किलो-दीड किलो उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत परत येते. लठ्ठपणा हा केवळ जिभेवर ताबा नसल्याचा परिणाम असता, तर वर्षातला एक महिना इतका ताबा ठेवणारी माणसे सडसडीत असायला हवी होती.

हा प्रश्न 2025 मध्ये चर्चेत आला. त्या वर्षी रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, 23 फेब्रुवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि प्रत्येक घराने खाण्याचे तेल 10 टक्क्यांनी कमी करावे, असे आवाहन केले. आवाहन चांगलेच आहे. मात्र त्यातून समस्या घराच्या स्वयंपाकघरात आणि माणसाच्या निर्धारात आहे, असे चित्र उभे राहते. आणि ते अर्धेच खरे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. त्यातही शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण 33.2 टक्के, तर ग्रामीण स्त्रियांमध्ये 19.7 टक्के. गावातली बाई शहरात आली की तिचा निश्चय ढासळतो, असे कोणी म्हणणार नाही. बदलते ते काम, अंतर, बाजार आणि झोपेची वेळ.

शरीराचाही स्वतःचा एक हट्ट असतो. अमेरिकेत वजन घटवण्याची एक टीव्ही स्पर्धा फार गाजली, ‘द बिगेस्ट लूझर’. तिच्या 14 स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे घटलेले वजन बऱ्याच अंशी परत आले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. शरीराने वजन घटण्याला दुष्काळ समजून काटकसर सुरू केली होती, आणि सहा वर्षांनंतरही ती थांबवली नव्हती.

या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा मात्र आपल्या पुण्याजवळचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे परिसरातल्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्यापूर्वी या मातांचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. त्यांची बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू फार कमी होते, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी राखून असलेले बाळ. पुढे हेच मूल शहरात आले, खुर्चीवर बसून काम करू लागले, हाताशी तळलेले पदार्थ आले, की पोट सुटायला आणि साखर वाढायला वेळ लागत नाही.

याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचा फोटोच छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. व्यायामाचा वाटा त्यात असेलच, तरी ‘मी कुठे जाड आहे’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी तो फोटो एकदा पाहावा.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माता दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी बाई पालेभाजी किती वेळा खाते, हा प्रश्न हिंदू घरात विचारा की मुसलमान घरात, उत्तर फारसे वेगळे येत नाही. त्या बाळाने काय निवडले होते?

मग निवडीला काही अर्थच नाही का? आहे, पण ती कोणाच्या हातात आहे हे पाहावे लागते. देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा. गाड्यावरचा समोसा आणि पाकिटातले फरसाण स्वस्त राहते ते त्याच्याच जोरावर. घरातल्या बरणीतले तेल मोजता येते, बाहेरचे कोण मोजणार? रमजानमध्ये केळी-कलिंगडाचे भाव चढतात, तेव्हा आठ माणसांच्या इफ्तारला भज्यांची परात परवडते. ती तळणारी बाई स्वतः रोज्याने असते, चार वाजल्यापासून कढईपुढे उभी असते. रात्री तरावीहला पुरुष मशिदीत जातात. त्या नमाजेत तासाभराची उठबस होते आणि जाता-येता चालणेही होते. अनेक घरांतल्या बायका तेव्हा भांडी आवरून सहरीची तयारी करत असतात. दाट वस्तीत त्यांना मोकळे चालायला मैदान नसते, रस्त्यावर दिवे नसतात. आणि लग्नकार्यात भेटलेली नातलग सहज म्हणते, “आपा, जरा जेवण कमी करा.” दवाखान्यातही पुष्कळदा हेच ऐकू येते. मग गुडघा दुखला तरी ती दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि साखर तपासायची राहून जाते.

20 मार्च 2025 रोजी वजन उतरवणारे मौन्जारो हे इंजेक्शन भारतात विक्रीस आले. आठवड्याला एक टोचायचे. तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची कुपी 3,500 रुपयांना होती, म्हणजे महिन्याला 14,000. पुढची मात्रा 4,375 ची होती. हे औषध भूक मंदावते, पोट भरल्याची भावना लवकर आणते. शरीरातले संकेत बदलले की भल्याभल्यांचे खाणे आपोआप कमी होते, आणि यातून त्या माणसांना आधी आळशी म्हणणारेच उघडे पडतात. पण ज्या घरात महिन्याची कमाईच 14,000 आहे, त्या घरासमोर आजही कढई, पामतेल आणि 10 टक्क्यांचे आवाहन एवढेच आहे. नगरपालिकेने मोहल्ल्याजवळचे एक मैदान संध्याकाळी दोन तास बायकांसाठी राखून तिथे दिवे लावले, तर त्याचा खर्च अशा किती कुप्यांइतका येईल, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.