बंबापासून नळापर्यंत

सकाळी स्नानगृहातील ऊन पाण्याचा नळ उघडावा, धारेखाली हात धरून पाणी ऊन होण्याची वाट पाहावी आणि तोवर आलेले गार पाणी मोरीत जाऊ द्यावे, हा बंगळूरमधील असंख्य घरांचा नित्यक्रम आहे. घराच्या गच्चीवर सौर बंब असतो, स्नानगृह एक-दोन मजले खाली असते आणि रात्रभर मधल्या नळीत थांबलेले पाणी निवलेले असते. हे पाणी स्वच्छ असते. त्याचा दोष एवढाच की, ते गार असते. तेवढ्या दोषासाठी ते फेकून देणे योग्य आहे काय, आणि ते वाचविण्यासाठी हल्ली सुचविला जाणारा लहानसा अभिसरण-पंप घरात बसवावा काय, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम हे पाणी येते कोठून ते पाहू. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे आणि त्याच्या उशाशी मोठी नदी नाही. पूर्वी या नगराची तहान तळी आणि विहिरी भागवीत. पुढे अर्कावती नदीचे पाणी १८९४ मध्ये हेसरघट्टा येथून व १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथून नळांनी आणण्यात आले. तेही पुरेना, तेव्हा १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. हे पाणी सुमारे १०० किलोमीटर दूरवरून, सुमारे ५०० मीटर उंची तीन टप्प्यांत चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातील हजारो विंधणविहिरी आटल्या होत्या, आणि पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास व बागा शिंपण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरविण्याची वेळ आली होती. ज्या नगरात पाण्याचा प्रत्येक थेंब डोंगर चढून येतो, तेथे मोरीत जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडणे ही कृपणता नव्हे.

तो हिशेब सोपा आहे. पाऊण इंची नळीचा आतील व्यास २० मिलिमीटर धरला, तर तिच्या एक मीटर लांबीत सुमारे ०.३१ लिटर पाणी मावते. बंबापासून स्नानगृहापर्यंत नळी २० मीटर लांब असेल, तर तीत सहा लिटरांहून थोडे अधिक पाणी असते. घरातील माणसे वेगवेगळ्या वेळी मिळून दिवसातून पाच वेळा तो नळ उघडीत असतील, तर रोज ३० लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ११,००० लिटर पाणी वाया जाते. उन्हाळ्यात बंगळूरच्या रस्त्यांवरून जे मोठे टँकर फिरतात, त्यांतील एका टँकरमध्ये साधारणतः १२,००० लिटर पाणी असते. म्हणजे असे प्रत्येक कुटुंब वर्षाकाठी जवळजवळ एक टँकर पाणी केवळ वाट पाहण्यात दवडते.

आता अभिसरण-पंप म्हणजे काय ते पाहू. शरीरात रक्त जसे हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडे येते, तसे बंबातून निघालेले पाणी नळापर्यंत जाऊन दुसऱ्या, परतीच्या नळीने बंबात आणून सोडणे, हे या पंपाचे काम होय. येथे एक शंका येणे साहजिक आहे. पाणी पुन्हा गच्चीवर चढवावयाचे, तर पंप मोठा नको काय? नको. विहिरीवरील कप्पीच्या दोराला दोन्ही टोकांस सारख्याच वजनाच्या भरलेल्या घागरी बांधल्या, तर एक वर ओढण्यास फारसा जोर लागत नाही. उतरणारी घागर चढणारीचा भार तोलून धरते. बंद वर्तुळाकार नळमार्गात हेच घडते. एका नळीतून उतरणारे पाणी दुसरीतून चढणाऱ्या पाण्यास तोलते, आणि पंपाला केवळ नळीच्या घर्षणाशी झगडावे लागते. म्हणूनच विजेच्या लहान दिव्याला लागते तेवढी, म्हणजे सुमारे २५ वॉट शक्ती त्यास पुरते. घरे उबदार ठेवण्यासाठी नळांतून ऊन पाणी खेळविणाऱ्या थंड देशांत अशा पंपांचा उपयोग फार दिवसांपासून होत आला आहे. जर्मनीतील विल्हेल्म ऑपलेंडर यांनी असे साधन १९२८ मध्ये पुढे आणले.

परंतु यंत्र लहान आहे म्हणून त्याचा खर्चही लहानच असेल असे नाही. येथेच सामान्य गृहस्थाची फसगत होते. नळ उघडताक्षणी ऊन पाणी मिळेल, असे सांगून हा पंप अहोरात्र चालू ठेवण्याचा सल्ला एका विक्रेत्याने प्रस्तुत लेखकास दिला होता. तो सल्ला आपण आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहू. २५ वॉटचा पंप अखंड चालला, तर वर्षाला २१९ युनिट वीज खातो. उलट ११,००० लिटर पाणी ५०० मीटर उंच चढविण्यास हिशेबाने सुमारे १५ युनिट वीज लागते. घर्षण व यंत्रांतील तूट धरली तरी तो आकडा काही २१९ च्या जवळ जात नाही. शिवाय रात्रभर नळ्यांतून फिरणारे ऊन पाणी आपली उष्णता भिंतींना देत राहते. दिवसभर सूर्याने तापविलेला बंब पहाटेपर्यंत निवतो आणि मग विजेचा तापक लावावा लागतो. पाणी वाचविण्याच्या नावाखाली वीज आणि ऊन दोन्ही उधळण्याचा हा प्रकार आहे.

तोच पंप नळाशेजारच्या बटणाने, गरजेपुरता दोन मिनिटे चालविला तर? दिवसातून पाच वेळा मिळून दहा मिनिटे होतात, आणि वर्षाची वीज दीड युनिटाच्या आसपास राहते. नळापाशी ऊन पाणी पोचताच पंप थांबवावा. परतलेल्या गार पाण्याने बंबातील पाणी किंचित निवेल हे खरे. परंतु नळ सोडून दिला असता तरी तेवढेच गार पाणी टाकीतून बंबात शिरलेच असते. तेव्हा उष्णतेचा तोटा नाही आणि पाणी मात्र वाचते. परतीच्या नळीवर एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. नाहीतर नळ सोडताच परतीच्या नळीतील गार पाणी उलट मार्गाने येऊन मिसळेल. विंधणविहिरीचे पाणी जड असेल, तर पंपात साचणारे क्षार वेळोवेळी काढले पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे कशासाठी? नळाखाली बादली ठेवावी, गार पाणी तीत धरावे आणि त्याने कपडे धुवावेत. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप सर्वस्वी मान्य आहे. जुन्या घरात परतीची नळी घालण्यासाठी भिंती फोडण्यापेक्षा बादलीच शहाणपणाची. मात्र बादली रोज कोणीतरी उचलावी लागते, आणि आपल्या घरांत ते काम बहुधा स्त्रियांच्याच वाट्यास येते. म्हातारपणी तर ती उचलवत नाही. जे काम यंत्र दीड युनिट विजेत करू शकते, ते माणसाच्या पाठीवर टाकण्यात विशेष पुण्य नाही.

म्हणून नवे घर बांधताना बंब स्नानगृहाच्या शक्य तितका जवळ असावा, नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण असावे, आणि परतीची एक नळी भिंतीतच घालून ठेवावी, असे आमचे मत आहे. भिंत उघडी असताना ही नळी थोडक्या खर्चात होते. गिलावा झाल्यावर तिची किंमत कितीतरी वाढते. गच्चीवर सौर बंब असावा असा आग्रह धरणाऱ्या नगराने या नळीचाही विचार करावा. पंप आज घ्यावा की दहा वर्षांनी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो कधीही अखंड चालवू नये.

आणि आमच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. शाळेतील मुलांनी उद्या सकाळी नळाखाली बादली ठेवावी, ऊन पाणी येईपर्यंतचे पाणी लिटरच्या मापाने मोजावे, आणि आठवडाभराचे आकडे वहीत मांडून घरातील वडील माणसांना दाखवावेत. पंप घ्यावयाचा की बादलीवर भागवावयाचे, हे त्या वहीवरून ठरविता येईल.