डोळ्यांचे मलम : केव्हा घालावे, कसे घालावे?

पुष्कळ घरांत औषधांच्या डब्यात डोळ्यांच्या मलमाची एखादी अर्धवट पिळलेली ट्यूब हमखास सापडते. कोणाचा डोळा लाल झाला की ती बाहेर निघते. ती कोणासाठी आणली होती, केव्हा उघडली होती, तिच्यात कोणते औषध आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. चार-सहा दिवसांत डोळा बरा होतो आणि श्रेय ट्यूबला मिळते. बहुतेक वेळा तो आपोआपच बरा होणार असतो. पण एखाद्या वेळी याच ट्यूबपायी दृष्टी गमवावी लागते. म्हणून या साध्या वाटणाऱ्या औषधाविषयी थोडी माहिती प्रत्येक गृहिणीला असायला हवी.

प्रत्येक लाल डोळा सारखा नसतो

प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक औषध फक्त जिवाणूंवर चालते. जिवाणूंमुळे डोळे आले तर घट्ट, पिवळसर किंवा हिरवट चिपडे येतात, पुसली तरी पुन्हा जमतात आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. विषाणूंमुळे डोळे आले तर पातळ पाणी वाहते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आधी एक व मग दुसरा डोळा लाल होतो. पुष्कळदा सोबत सर्दी-खोकलाही असतो. दोन्ही डोळ्यांना सारखी खाज सुटत असेल तर बहुधा ती अ‍ॅलर्जी असते. अर्थात ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे शंका असेल तेव्हा डॉक्टरांनाच दाखवावे.

डोळ्यांच्या मोठ्या साथी बहुधा विषाणूंच्या असतात. 1971 साली देशभर पसरलेली साथ अशीच होती. बंगालमध्ये लोकांनी तिला ‘जय बांगला’ असे नावच देऊन टाकले. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी, पुणे आणि दिल्लीपर्यंत हजारो लोकांचे डोळे आले, तेही विषाणूंमुळेच. अशा साथीत मलमाने आजार लवकर हटत नाही. थंड पाण्याच्या घड्या, विश्रांती आणि स्वच्छता हाच मुख्य उपाय. वरून जिवाणूंचा संसर्ग झाला आहे असे वाटले, तरच डॉक्टर प्रतिजैविक देतात.

ट्यूबवरचे नाव वाचा

क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही डोळ्यांच्या मलमातील नेहमीची प्रतिजैविके. पण काही ट्यूबांत त्यांच्या जोडीला स्टेरॉइड असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी एखादे नाव दिसले तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती ट्यूब डोळ्याजवळही नेऊ नका. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. पण डोळ्यात नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल तर ती आतल्या आत फोफावते. दीर्घकाळ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

त्वचेसाठी असलेले मलम डोळ्यात घालू नये. ट्यूबवर ‘ऑफ्थॅल्मिक’ किंवा ‘डोळ्यांसाठी’ असे लिहिलेले असलेच पाहिजे. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

मलम घालण्याची रीत

1. हात साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून चिपडे पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्या आणि वापरलेला फेकून द्या.

2. मान मागे करून वर पाहा. बोटाने खालची पापणी हलकेच ओढली की आत एक खोबण तयार होते. तिच्यात साधारण एक सेंटिमीटर लांबीची मलमाची रेघ सोडा. ट्यूबचे तोंड डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका.

3. डोळा मिटून मिनिट-दोन मिनिटे बुबुळ सावकाश फिरवा. डोळा चोळू नका. बाहेर आलेले मलम पुसून टाका.

4. थेंबही घालायचे असतील तर आधी थेंब आणि पाच-दहा मिनिटांनी मलम.

5. मलमाने काही वेळ अंधुक दिसते. तेवढा वेळ वाहन, शिलाई मशीन आणि विळी-सुरी यांपासून दूर राहा. मलम डोळ्यात जास्त वेळ टिकते, म्हणून डॉक्टर ते बहुधा रात्री निजताना घालायला सांगतात.

लहान मूल डोळे घट्ट मिटून घेत असेल तर ते झोपले असताना मलम घालणे सोपे जाते. मलमाच्या छोट्या कॅप्सूल मिळतात, त्या गिळायच्या नसतात. टोकाला भोक पाडून आतील मलम डोळ्यात घालायचे आणि कॅप्सूल फेकून द्यायची. डोळे बरे होईपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स वापरू नये.

किती दिवस?

डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस. साध्या जिवाणू संसर्गात बहुधा पाच ते सात दिवस पुरतात. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच थांबू नये. खुपऱ्यांच्या विकारात तर टेट्रासायक्लिनचे मलम दिवसातून दोनदा, सलग सहा आठवडे घालावे लागते. या खुपऱ्यांनी एके काळी आपल्या देशात असंख्य लोकांना आंधळे केले. त्यांच्याविरुद्ध 1963 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली जाहीर केले. औषध वेळच्या वेळी आणि पुरते घेण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

ट्यूब उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. चार आठवड्यांनंतर उरलेले मलम टाकून द्या. एकाची ट्यूब दुसऱ्याने वापरू नये. टॉवेल, उशीची खोळ आणि काजळाची डबीदेखील प्रत्येकाची वेगळी असावी.

इथे वाट पाहू नका

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरचे मलम न घालता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा :

• डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा कमी दिसत असेल.

• बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल.

• उसाचे पाते, भाताचे तूस, काडी किंवा लोखंडाचा कण डोळ्याला लागला असेल. शेतातल्या अशा जखमेत बुरशी वाढते. तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही आणि हयगय केली तर डोळ्यात कायमचे फूल पडते.

• महिन्याच्या आतील बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल. आईचे दूध, मध किंवा गुलाबपाणी घालून पाहण्यात तासही घालवू नये.

• दोन-तीन दिवस औषध घालूनही उतार नसेल.

आजच औषधांचा डबा उघडून पाहा. कोणासाठी आणली, केव्हा उघडली हे सांगता येत नसेल, अशी ट्यूब सापडली तर ती सरळ फेकून द्या. नवी ट्यूब थोड्या पैशांत येते. डोळा गेला तर तो विकत मिळत नाही.