भूकंपाची फाइल उघडते, पण मिळते कुठे?

किल्लारीचा भूकंप कधी झाला, हे लातूर-धाराशिवकडच्या कुणालाही विचारा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, हे उत्तर लगेच मिळेल. जागतिक भूकंपांच्या याद्यांत मात्र तो २९ सप्टेंबरला सापडतो. कोयनेचंही तसंच. आपल्यासाठी ती ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, त्या याद्यांत १० डिसेंबर. चूक कुणाचीच नाही. भूकंपमापक यंत्रं जगभर एकाच प्रमाणवेळेवर चालतात आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असतं. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी पहाटे चारची नोंद मागवेल आणि मुख्य धक्का त्याच्या हातून निसटेल.

हे आठवण्याचं कारण असं, की अशा नोंदी उघडून बघणं आता संशोधन संस्थांपुरतं राहिलेलं नाही. ‘ऑब्सपाय’ नावाची पायथन भाषेतली लायब्ररी, म्हणजे आयत्या आज्ञांचा संच, म्युनिकच्या विद्यापीठात तयार झाली. २०१० मध्ये तिच्यावरचा पहिला शोधनिबंध आला. ती फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये बीएस्सी आयटी करणाऱ्या मुलाला जेवढं पायथन येतं, तेवढं तिच्यासाठी पुरेसं आहे.

पण अशी लायब्ररी लागते तरी कशाला? भूकंपमापक सेकंदाला साधारण शंभर वेळा जमिनीची हालचाल मोजतो आणि तीही तीन दिशांनी. एका यंत्राचे दिवसाला अडीच कोटींहून जास्त आकडे होतात. ते दाबून, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठवले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर केंद्राचं नाव, सुरुवातीची वेळ आणि मोजणीचा वेग लिहिलेला असतो. या पद्धतीला ‘मिनीसीड’ म्हणतात. तेल शोधणाऱ्यांची पद्धत निराळी. त्यांचा ‘सेग-वाय’ हा साचा १९७५ सालचा, चुंबकीय फितींच्या जमान्यातला. त्यातले आकडे बहुतेकदा आयबीएमच्या जुन्या मोठ्या संगणकांच्या धाटणीत लिहिलेले असतात. आजच्या संगणकानं ते आपल्या पद्धतीनं वाचले तर फाइल बिनबोभाट उघडते, आलेखही येतो, फक्त आकडे खोटे असतात. ऑब्सपायची ‘रीड’ ही एक आज्ञा फाइल कोणत्या साच्यातली आहे ते बहुतेक वेळा स्वतःच ओळखते.

त्यानंतरचं काम मात्र माणसाचं. फाइलमधला आकडा म्हणजे जमीन किती हलली हे नव्हे. यंत्रानं तो धक्का आपल्या पद्धतीनं कसा टिपला, एवढंच त्यातून कळतं. प्रत्येक यंत्राच्या स्वभावाची वेगळी माहिती असते, ती वापरून आकड्यांचं सेकंदाला इतके मीटर असं रूपांतर करावं लागतं. ही पायरी गाळून काढलेले आलेख दिसायला छान दिसतात. त्यांना अर्थ नसतो.

अशी एखादी नोंद किती मोलाची ठरते, हे कोयनेनं जगाला दाखवलं. १९६७ च्या त्या पहाटे धरणाच्या आतल्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेला होता. धरणाच्या लांबीच्या दिशेनं त्यानं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवलं. धरण बांधताना धरलेला भूकंप गुणांक होता ०.०५. धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण ते फुटलं नाही. पुढे ती नोंद आकड्यांत उतरवली गेली आणि आज जगात कुठेही काँक्रीटच्या धरणाचं संगणकीय प्रारूप तपासायचं असलं की ‘कोयना’ हे नेहमीचं उदाहरण असतं. १९७० मध्ये भारतीय बांधकाम मानकातला भूकंप-नकाशा बदलला, त्यामागेही हाच भूकंप होता. हे सगळं होऊ शकलं, कारण ती नोंद कपाटात पडून राहिली नाही.

आता पालघरकडे बघू. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर झोपले. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रानं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथे यंत्रं बसवली, ते योग्यच झालं. गावकऱ्यांच्या हाती मात्र प्रत्येक वेळी पडली ती वेळ, तीव्रता आणि खोली. आज ३.२, परवा ३.६. एवढ्यावर अफवांना भरपूर जागा उरते. तीव्रता एकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हेही त्या आकड्यातून कळत नाही.

भूकंपांची यादी केंद्राच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. लहरींच्या मूळ फाइलींसाठी मात्र रीतसर मागणी करावी लागते. उलट हैदराबादचंच एक केंद्र फ्रान्सच्या ‘जिओस्कोप’ जाळ्यात आहे आणि त्याच्या फाइली घरबसल्या उतरवता येतात. अर्ज-पत्रांत संशोधकाचे दिवस जातात. कॉलेजातला विद्यार्थी तर त्या वाटेला जातच नाही. फाइली खुल्या केल्या तर कुणीतरी चुकीचा अर्थ काढून घबराट पसरवेल, असा एक आक्षेप असतो. तो अगदीच पोकळ नाही. पण घबराट पालघरमध्ये फाइली नसतानाही पसरलीच होती.

उल्हासनगरचा यात संबंध दोन प्रकारे येतो. पालघरची ती गावं इथून साधारण शंभर किलोमीटरवर आहेत. तिथल्या धक्क्याची पहिली लहर आणि दुसरी, जास्त हलवणारी लहर यांत इथे अंदाजे १२ सेकंदांचं अंतर पडेल. दोन्ही वेळा आलेखावर मोजून त्या सेकंदांना आठनं गुणलं की धक्का किती लांब झाला ते ढोबळ मानानं कळतं. कॉलेजच्या प्रयोगवहीत सहज बसेल असं हे गणित आहे. विठ्ठलवाडीच्या लोकल आणि शिलाई यंत्रांचा खडखडाट त्यात मिसळणारच, तो गाळण्याची आज्ञाही ऑब्सपायमध्ये आहे. हा खडखडाटही निरुपयोगी नसतो. २०२० च्या टाळेबंदीत जगभर जमिनीची ही माणसानं केलेली थरथर निम्म्यापर्यंत घटल्याचं २६८ केंद्रांच्या नोंदींवरून दिसलं. त्यांत लोकांनी घरी बसवलेली छोटी यंत्रंही होती.

दुसरा संबंध जास्त जवळचा. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दोन्ही मिळून दहाहून अधिक माणसं गेली. तेव्हा भूकंप झालेला नव्हता. प्रत्येक इमारतीची डुलण्याची एक ठरलेली गती असते. चार-पाच मजली असेल तर साधारण अर्ध्या सेकंदाला एक हेलकावा. सांगाडा कमकुवत होत गेला की हा हेलकावा लांबतो. गच्चीवर ठेवलेल्या छोट्या यंत्राच्या नोंदीतून तो मोजता येतो आणि त्या फाइली वाचायला हीच लायब्ररी चालते. एका मोजणीनं काही ठरत नाही. दर वर्षी तीच मोजणी केली तर फरक दिसू लागतो. याला स्ट्रक्चरल ऑडिटचा पर्याय समजू नये. स्लॅबमधली गंजलेली सळई हा हेलकावा बिघडवेलच असंही नाही, तिच्यासाठी अभियंत्यालाच हातोडी घेऊन यावं लागेल. पण शेकडो जुन्या इमारतींपैकी अभियंत्यानं आधी कुठे जायचं, हे ठरवायला अशा नोंदींची मदत होऊ शकते. त्यासाठी महापालिकेला ऑडिटच्या कागदांबरोबर या फाइलीही जपून ठेवाव्या लागतील, तारीख आणि वेळेसकट.