प्रश्नांची पाच मिनिटे

'परिषद' हा शब्द आपल्याकडे वापरून वापरून पार गुळगुळीत झाला आहे. ऊस परिषद, पाणी परिषद, शिक्षण परिषद. मंडप पडला, ठराव झाले, जेवणाच्या पंगती उठल्या की परिषद संपली. त्यामुळे इंजिनिअरिंगला असलेला मुलगा एके दिवशी घरी येऊन 'एम्बेडेड सिस्टिम्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचायचा आहे, फी भरायची आहे' असे सांगतो, तेव्हा वडील दोनच गोष्टी विचारतात. पैसे किती आणि सर्टिफिकेट मिळणार का? इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. हे दोन प्रश्न मी असंख्य पालकांच्या तोंडून ऐकले. 'तिथे याला उलटे प्रश्न कोण विचारणार?' हा तिसरा प्रश्न मात्र कधी कोणी केल्याचे आठवत नाही. माझ्या मते सगळी मेख त्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

आधी हे प्रकरण काय ते सांगायला हवे. घरात संगणक किती, असे विचारले तर आपण टेबलावरचा मोजतो, फार तर खिशातला मोबाइल. वॉशिंग मशीनमधला मोजत नाही. मायक्रोवेव्हमधला, इमारतीच्या लिफ्टमधला, विजेच्या नव्या मीटरमधला मोजत नाही. मोटारीत तर असे डझनावारी बसलेले असतात. आजोबांच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यातही एक आहे. वस्तूच्या पोटात दडलेला आणि एकच ठरलेले काम इमानेइतबारे करणारा संगणक म्हणजे एम्बेडेड सिस्टिम. टेबलावरचा संगणक दोन सेकंद अडकला तर आपण चहाचा घोट घेतो. ब्रेकमधला अडकला तर घोट घ्यायला आपण राहूच असे नाही. या यंत्रांचे उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावे लागते. उशिरा आलेले बरोबर उत्तर हेही चूकच.

हा संगणक चाक, झडप, हृदय अशा खऱ्याखुऱ्या वस्तूंशी जोडला गेला की त्या सबंध जोडीला आता 'सायबर-फिजिकल सिस्टिम' म्हणतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या हेलन गिल यांनी २००६ च्या सुमारास हे नाव रूढ केले. नाव बोजड आहे, पण त्याला इलाज नाही.

या विषयाच्या परिषदा जगभर भरतात. वेळेच्या शिस्तीवरची, आरटीएसएस या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी परिषद १९८० पासून चालू आहे. एम्बेडेड सिस्टिम्स वीक २००५ पासून भरतो. २०१४ साली तो नवी दिल्लीत भरला होता. सीपीएस वीक २००८ पासूनचा. २०१० साली तो स्टॉकहोमला भरला असतानाच आइसलंडमधल्या ज्वालामुखीने राख ओकली, युरोपचे आकाश विमानांना बंद झाले आणि यंत्रे वेळेत चालवण्याची विद्या जाणणारी मंडळी वेळेत घरी पोचू शकली नाहीत. आपल्या पुण्यातही जानेवारी २०१८ मध्ये चिप आणि एम्बेडेड सिस्टिम्स यांवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. आपण वर्तमानपत्रवाल्यांनी तिला किती जागा दिली, ते विचारू नका.

या सगळ्या परिषदांत मला सर्वांत मोलाची वाटते ती डिसेंबर १९९७ मधली, सॅन फ्रान्सिस्कोची आरटीएसएस. तिची हकिगत सांगायची तर आधी मंगळावर जावे लागेल.

त्या वर्षी ४ जुलैला अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. छोटी गाडी बाहेर आली, छायाचित्रे आली, जग हरखून गेले. आणि काही दिवसांतच यानावरचा संगणक मध्येच स्वतःला बंद करून पुन्हा चालू होऊ लागला. असे झाले की त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जायचे. एवढ्या लांब दुरुस्तीला मेकॅनिक पाठवता येत नाही.

झाले काय होते, ते आपल्या सरकारी कचेरीच्या भाषेत सांगतो. कचेरीत एकच शिक्का आहे. हवामानाच्या नोंदी ठेवणारा शिपाई कागदावर उठवण्यासाठी तो घेऊन गेला. तेवढ्यात साहेबांना शिक्का हवा झाला. शिपाई देईल तेव्हाच मिळणार, म्हणून साहेब थांबले. इथवर ठीक. पण शिपाई आपला कागद पुरा करायला बसतो न बसतो तोच एक कारकून त्याला चहाला पिटाळतो, दुसरा फाइल आणायला. कारकुनांना शिक्का नकोच आहे. पण हुद्द्याने ते शिपायापेक्षा मोठे, म्हणून त्याला त्यांचे ऐकावे लागते. परिणामी सर्वांत तातडीचे काम असलेले साहेब मधल्या कारकुनांच्या चहापायी खोळंबतात. दारावरच्या पहारेकऱ्याला एवढेच ठाऊक, की ठरल्या वेळेत साहेबांची सही आली नाही तर काहीतरी भयंकर घडले असे समजायचे आणि कचेरी बंद करून पुन्हा उघडायची. मंगळावर तो नेमके हेच करत होता, आणि आपल्या परीने बरोबरच करत होता.

या घोटाळ्याला 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन', म्हणजे अग्रक्रमाची उलटापालट, म्हणतात. झेरॉक्स कंपनीतल्या संशोधकांनी १९८० सालीच त्याची नोंद केली होती. त्यावरचा उपाय लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की या तिघांनी १९९० साली गणिताने सिद्ध करून प्रसिद्ध केला. यातले राजकुमार मूळचे भारतीय. उपाय ऐकला तर शाळकरी पोरालाही पटेल. साहेब ज्या शिक्क्यासाठी थांबले आहेत तो जोवर शिपायाकडे आहे, तोवर शिपायालाच साहेब समजायचे. मग कोणा कारकुनाची त्याला चहाला धाडण्याची टाप नाही. काम उरकून शिक्का खाली ठेवला की तो पुन्हा शिपाई. सांगायला सोपे आहे. पण असे केल्याने साहेबांना जास्तीत जास्त किती थांबावे लागेल, याचा हिशेब मांडून देणे अवघड होते. तो हिशेब हीच त्या तिघांची कमाई.

पाथफाइंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये हा उपाय आयता होता. त्या एका जागी तो चालू करायचा राहिला होता, इतकेच. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधले आणि पृथ्वीवरून मंगळावर तेवढा बदल पाठवला. रोग गेला.

डिसेंबरच्या परिषदेत ही कथा सांगितली डेव्हिड विल्नर यांनी. यानावरची मूळ प्रणाली ज्या कंपनीची, त्या विंड रिव्हर कंपनीचे ते तांत्रिक प्रमुख. आमच्या मालात असे झाले, असे झाले असे त्यांनी भर सभेत सांगितले. श्रोत्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी बसलेले असणार आणि गिऱ्हाईकही. सभागृहात ते तिघे लेखकही होते. त्यांना उभे राहायला सांगितले गेले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ऐकणाऱ्यांपैकी मायक्रोसॉफ्टमधल्या माइक जोन्स यांनी तो वृत्तान्त लिहून मित्रांना पाठवला. तो फिरत फिरत नासापर्यंत गेला. तेव्हा यानाच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्ह्स यांनी स्वतः लेखणी उचलून तपशील दुरुस्त केले. हा प्रकार उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही दिसला होता, पण तेव्हा त्याचा माग लागला नव्हता, हेही त्यांनी दडवले नाही. आज जगभरच्या वर्गांत हा धडा शिकवला जातो तो या उघडेपणामुळे. पाथफाइंडरशी शेवटचा संपर्क २७ सप्टेंबरला झाला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा यान केव्हाच मुके झाले होते.

अशा परिषदेत शिरकाव सोपा नसतो. निबंध पाठवला की तीन-चार जाणकार तो वाचतात. बऱ्याच ठिकाणी त्यांना लेखकाचे नाव कळू देत नाहीत आणि लेखकाला त्यांचे. नामांकित परिषदांत साधारण चारांतला एखादा निबंध तरतो, उरलेले साभार परत. पण परत येताना त्यांच्यासोबत कारणे येतात, आणि ती कधीकधी निबंधापेक्षा वाचनीय असतात. ज्याचा निबंध तरला त्याने वीस-पंचवीस मिनिटे बोलायचे. त्यातली शेवटची पाच प्रश्नांची. सभागृहाच्या मधोमध माइक असतो, त्यापाशी रांग लागते. 'तुमचे हे सूत्र दोन प्रोसेसरना लागू पडते का?' 'सेन्सर खोटे बोलू लागला तर?' मी असे प्रसंग पाहिले आहेत. चांगल्या चांगल्यांचा घसा कोरडा पडतो. अलीकडे तर काही परिषदा लेखकांकडून मूळ प्रोग्रॅम मागवून घेतात आणि तिऱ्हाइताकडून चालवून पाहतात, की आकडे खरेच तसे येतात का.

परिषदेने कानीकपाळी ओरडावे आणि उद्योगाने कानांत बोळे घालावे, असेही होते. सुरक्षा विषयाच्या २०१० सालच्या एका परिषदेत वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन दिएगोचे कॅलिफोर्निया विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवून दिले, की मोटारीतल्या संगणकजाळ्यात शिरून ब्रेक निकामी करता येतात, इंजिन बंद पाडता येते. पुढच्या वर्षी त्यांनी हे दुरूनही साधते असे दाखवले. दखल म्हणावी तशी घेतली गेली नाही. मग २०१५ मध्ये दोघा जाणकारांनी हमरस्त्यावर धावणारी एक जीप, आत पत्रकार बसलेला असताना, घरबसल्या बंद पाडून दाखवली. तेव्हा कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मधली पाच वर्षे अशा गाड्या रस्त्यांवर पळत होत्या आणि त्यांत माणसे बसत होती.

आता आपल्याकडे वळतो. आपल्याकडे चांगल्या परिषदा होत नाहीत असे मी म्हणणार नाही. वर पुण्याचा उल्लेख केलाच आहे. पण त्यांच्या सावलीत दुसरेच पीक माजले आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. त्यात परिषदेत निबंध वाचण्याला गुण होते, परिषद 'आंतरराष्ट्रीय' असेल तर जास्त. झाले! गावोगावी आंतरराष्ट्रीय परिषदा फुटल्या. पुढे नियम बदलत गेले, पण लागलेली सवय सुटली नाही. अशा एका परिषदेला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते यांत दुपारचे बारा वाजले. मग एकेका खोलीत तीस-तीस निबंध. प्रत्येकाला चार मिनिटे. एका मुलाने विमानाच्या नियंत्रणावरचा निबंध वाचला. मी त्याला विचारायला तोंड उघडले, तोच संयोजक अदबीने म्हणाले, "सर, प्रश्न नकोत, जेवण थंड होतंय." मुलाला प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या निबंधात एक उघड चूक होती. ती तशीच छापली गेली आणि प्रमाणपत्राबरोबर बहुधा फायलीत गेली.

कोणी म्हणेल, मुलांना उत्तेजन मिळते, बिघडले कुठे? बिघडते ते पुढे. हाच मुलगा चार वर्षांनी ब्रेकचे सॉफ्टवेअर लिहायला बसतो. वाहन उद्योगाचे मोठे काम आपल्या पुणे-चाकण पट्ट्यात चालते, त्यामुळे हे अगदीच कल्पनेतले नाही. आपल्या कामाला कोणी परक्याने चारचौघांत आडवा प्रश्न विचारलेला त्याने जन्मात ऐकलेला नसतो. उत्तर येत नसेल तर 'हे मी तपासलेले नाही' असे म्हणायची त्याच्या जिभेला सवय नसते. ती सवय वर्गात लागत नाही. वर्गात मास्तर ओळखीचे आणि सांभाळून घेणारे असतात.

परदेशची परिषद सर्वांना परवडणारी नाही, हे खरेच. नोंदणीचेच काहीशे डॉलर, वर विमानभाडे आणि व्हिसाचा जाच. करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, एम्बेडेड सिस्टिम्स वीक पडद्यावरच भरला. बोलणे ऐकू आले, पण चहाच्या रांगेत कोपराला धरून 'तुझे ते तिसरे समीकरण मला पटले नाही' म्हणणारा गडी पडद्यावर भेटत नाही. तरी निबंध धाडायला विमान लागत नाही. आणि निबंध परत आला तरी जाणकारांचे शेरे हाती पडतातच.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका मुलीने हेच केले. तिचे वडील एसटीत वाहक आहेत. शेतातल्या पंपावर बसवायचे, तो कोरडा पडला तर आपोआप बंद करणारे एक छोटे यंत्र तिने बनवले आहे. त्यावरचा निबंध तिने मोठ्या परिषदेला पाठवला आणि तीन महिन्यांनी तो परत आला. सोबत तीन परीक्षकांचे मिळून चार पानांचे शेरे. घरात दोन दिवस सुतक. तिसऱ्या दिवशी ती पाने घेऊन माझ्याकडे आली. पहिल्या परीक्षकाने भाषेला नावे ठेवली होती, दुसऱ्याने स्तुतीच केली होती. तिसऱ्याने एवढेच विचारले होते, की वीज गेली आणि परत आली तर तुमच्या यंत्राला भानावर यायला किती मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात पंप काय करतो? हा आकडा तिच्याकडे नव्हता. आमच्याकडे वीज दिवसातून चार वेळा जाते, हे त्या परदेशी माणसाला कसे कळले, याचेच तिला नवल वाटत होते. आता तिने घराच्या मागच्या पडवीत टेबल मांडले आहे आणि एक जुना पंप आणून ठेवला आहे. वडील ड्यूटीवरून आले की मेन स्विच खालीवर करत बसतात आणि ती वहीत आकडे लिहून घेते. परवा विचारले तेव्हा दोनशे दहा नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या सात वेळा पंप बंद झाला नव्हता.