जुन्या स्पोर्ट्स कारची रबर मॅट घरी बनवताय? आधी पेडल तपासा

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या जुन्या स्पोर्ट्स कारला तिच्या मापाची मॅट दुकानात सहज मिळत नाही. चंदनसारच्या पावसात ओल्या चपलांचं पाणी तर गाडीत येणारच. त्यामुळे रबर शीट आणून मॅट घरीच कापावी, असं माझं मत. आधी वर्तमानपत्राचा साचा काढा, रबर फुकट जाणार नाही. खरी काळजी चालकाच्या बाजूची. मॅट पुढे सरकली की अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकून दाबलेलाच राहू शकतो. याच धोक्यामुळे २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हणून मॅटला हूक लावाच. जुन्या मॅटवर नवी टाकू नका. इंजिन बंद ठेवून प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबा, सोडा. कुठेही घासलं तर तेवढा भाग कापा, मग दिसायला वाकडं का दिसेना.