व्हॅन डॅमची घसरण: दोष एकट्याचाच का?

१/ 'ब्लडस्पोर्ट' (१९८८) आणि 'टाइमकॉप' (१९९४) गाजवणाऱ्या ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम या बेल्जियन अभिनेत्याचा 'लीजनेअर' (१९९८) अमेरिकेत चित्रपटगृहाऐवजी थेट व्हिडिओवर आला. १९९९ नंतर तेच त्याचे प्राक्तन ठरले. या घसरणीचे खापर सहसा त्याच्या व्यसनावर फोडले जाते. व्यसन खरे, त्याने ते जाहीरपणे मान्यही केले. पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

२/ १९९९ च्याच 'द मेट्रिक्स'ने दाखवून दिले की काही महिन्यांची तालीम, तारा आणि संगणक यांच्या बळावर बिगर-कराटेपटूही पडद्यावर योद्धा होऊ शकतो. ज्याचे शरीर हेच भांडवल, त्याची मक्तेदारी तिथे संपली.

३/ व्हिडिओच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक वेष्टनावरचा ओळखीचा चेहरा पाहूनच चित्रपट उचलत असे. म्हणून निर्माते ताऱ्याच्या नावावर देशोदेशीचे हक्क आगाऊ विकत आणि रोमानिया-बल्गेरियात स्वस्तात चित्रीकरण उरकत. नाव विकले जात होते. चित्रपट दुय्यम होता.

४/ 'जेसीव्हीडी'मध्ये (२००८) व्हॅन डॅमने स्वतःचीच भूमिका केली. कॅमेऱ्याकडे थेट पाहत, एकाच सलग दृश्यात त्याने आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला. त्याच्यातला नट संपलेला नव्हता, याचा हा पुरावा.

५/ एखाद्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना त्याचे दोष जरूर नोंदवावेत. परंतु त्याआधी बाजार कुठे सरकला, हे तपासावे.