औषधे फडापर्यंत न्या

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत घरांना कुलपे लागतात. ऊसतोडीला गेलेली जोडपी परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. साध्या क्षयरोगाचा उपचार 6 महिन्यांचा, एचआयव्हीचा जन्मभराचा. निदान गावाकडे झाले असेल तर गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात राहतात आणि रुग्ण कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. औषध मोफत आहे, पण ते आणायला दिवस मोडला की खाडा पडतो आणि मुकादमाची उचल तर आधीच डोक्यावर असते. अंधारात फडात शिरायचे, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची आणि कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पाठ टेकायची. यात सरकारी दवाखान्याची वेळ कुठे बसणार? अशा माणसाने गोळ्या सोडल्या तर त्याला निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

क्षयरुग्णांच्या नोंदीसाठी असलेल्या सरकारी 'निक्षय' पोर्टलवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, पण नोंदीमागोमाग गोळ्याही जायला हव्यात. त्यासाठी हंगामभर तोडणी कामगारांच्या तळांवर ठरल्या वारी फिरता दवाखाना पाहिजे आणि दोन्ही आजारांची औषधे त्याच गाडीत पाहिजेत. एचआयव्ही असलेल्याला क्षयाचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. शिवाय क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरच्या डोलुटेग्राविरचा रक्तातला अंश घटतो. म्हणून ती गोळी दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावी लागते. दोन आजारांचे कागद दोन गावी राहिले, तर हा बदल कोण करणार?

जास्त दिवसांच्या गोळ्या हाती दिल्या तर रुग्ण त्या नीट घेणार नाही आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतील, अशी शंका घेतली जाते. पण औषधात खंड पडला की तोच धोका वाढतो, आणि आज तो खंड पडतोच आहे. तब्येत स्थिर असलेल्या एचआयव्ही रुग्णांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. दुसरी शंका गंभीर आहे: आजार मुकादमाला कळला तर पुढच्या साली काम मिळेल का? एचआयव्हीबाबत गोपनीयता आणि नोकरीतले संरक्षण 2017च्या कायद्यात आहे, पण कोपीपर्यंत कायदा क्वचितच पोहोचतो. म्हणून हा दवाखाना ताप, कंबरदुखी, बाळंतपण अशा सगळ्यांसाठी असावा; तिथे गेलेल्या बाईकडे कोणी बोट दाखवणार नाही. राहिला खर्च. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गाळपाच्या टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून घेण्याचे सरकारनेच ठरवले आहे. त्यातून हा खर्च निघावा.

आरोग्य विभाग आणि साखर आयुक्तालयाने पुढचा हंगाम सुरू होण्याआधी तळांची यादी आणि दवाखान्याचे वार जाहीर करावेत, आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, असे कारखान्यांकडून लेखी घ्यावे.